उठावाचं तोरण

माझ्या हातची लग्नपत्रिका कुणी रद्दीत घातलेली मी अजून बघितलेली नाही. बढाई वाटली तर वाटू द्या. पत्रिकेचं नशीब आपल्याकडे काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न लागलं, पंगती उठल्या, की तिच्या पाठीवर कुणी वाणसामान लिहून काढतं, नाहीतर घरातलं पोर तिचं विमान करून उडवतं. माझ्या ताईच्या लग्नाची पत्रिका मात्र नामपूरच्या मामींच्या देवघरात अजून आहे, आणि मनमाडला ताईच्या सासरी ती बाहेरच्या खोलीत चौकट करून लावलेली आहे. ती मी केली. या दोन हातांनी.

त्या पत्रिकेवर माझं स्वतःचं लग्न टांगलेलं होतं, हे मात्र चौकट बघणाऱ्यांना माहीत नसतं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आमचं घर मखमलाबादच्या बाजूला, मळ्यातच. अप्पा, म्हणजे माझे वडील, गुलाब आणि शेवंती करायचे आणि पहाटे फुलबाजारात पाट्या उतरवून यायचे. मी शहरात कॉलेजला जायची, आणि कॉलेजपेक्षा कॉलेज रोडवर जास्त असायची. तिथे तेव्हा भेटकार्डांची मोठमोठी दुकानं निघाली होती. मुलंमुली तासन्‌तास उभ्याने कार्डं वाचायची आणि शेवटी एक घेऊन निघायची. मी तेही घ्यायची नाही. मला वाचायचं नसायचं, चाचपायचं असायचं. काही कार्डांवरचं फूल छापलेलं नसे, कागदातूनच वर आलेलं असे. ना रंग, ना शाई, नुसता कागद फुगून पाकळी झालेला. दुकानदार ओरडायचा, "ओ ताई, हात नका लावू मालाला." मी म्हणायची, "अहो, हात लावायलाच तर केलंय ना ते!"

हे करतात कसं, ते काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंच्या घरी जाऊन थडकले. बाई हसल्या. त्यांनी एक जुना एक्स-रे काढला, त्यात ब्लेडने एक पान कापलं, आणि ती भोकाची फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटवली. त्यावर जाडसर कागद पालथा धरला. उजेडात पानाचा आकार कागदातून दिसायला लागला. मग संपलेल्या रिफिलच्या बोथट टोकाने त्या आकाराच्या कडेकडेने हलकेच घासलं आणि कागद उलटा केला. पान वर आलेलं! बाई म्हणाल्या, याला उठाव म्हणतात, आणि कागदाला आधी मेणबत्ती चोळलीस तर टोक अडकणार नाही. अहाहा! त्या दिवशी मी बस सोडून चालत घरी आले, रस्ताभर ते पान अंगठ्याने चाचपत.

त्यानंतर मी सुटलेच. उठाव आला, मग ठसे आले. खोडरबरावर ब्लेडने कोरायचं, साबणाच्या डबीत स्पंज ठेवून त्यावर रंग घालायचा, आणि ठप्प. जुन्या स्लिपरच्या रबराचे ठसे सगळ्यात झकास उठतात. कमळ म्हणू नका, मोर म्हणू नका, पणती म्हणू नका. दिवाळीला आणि नव्या वर्षाला मैत्रिणी माझीच कार्डं न्यायच्या. एकीने तर माझं कार्ड दुकानातलं म्हणून खपवलं आणि वर मलाच डोळा मारला. मला राग यायला हवा होता, पण मी आठवडाभर हवेत होते.

घरात मात्र या सगळ्याला 'कागदं कातरणं' म्हणायचे. हा शब्द आत्याचा.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. दिली होती मनमाडला, पण हुकूम चालायचा आमच्या मळ्यात. आजोबा आजारी पडले तेव्हा शेवटचे सहा महिने तिनेच काढले, सासर सोडून आमच्याकडे राहून. त्यांना उचलून बसवणं, सिव्हिलला नेणं, सगळं तिने केलं. त्यामुळे तिच्यापुढे अप्पाही बोलायचे नाहीत. ताईचं स्थळही तिनेच आणलं. मुलगा रेल्वेत, माणसं चांगली. साखरपुडा झाला आणि चहा पिता पिता आत्या म्हणाली, "भाऊ, नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ हाय. बघून ठेवलाय मी. धाकटीचंबी उरकून टाक याच मांडवात. एका मांडवात दोघी गेल्या म्हंजी तू मोकळा."

मी बशी खाली ठेवली. आपटली म्हणा ना! "मला नाही उरकायचं. मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय. मला चित्रकलेची बाई व्हायचंय."

"कागदं कातरायला कालेज लागतंय व्हय?" आत्या म्हणाली, आणि पाव्हणेमंडळी हसली.

मला हसलेलं खपत नाही, तेव्हाही खपत नव्हतं. मी तिथेच, सगळ्यांसमोर म्हणाले, "ताईच्या पत्रिका मी करते. हाताने. छापखान्यातून फक्त मजकूर छापून आणा. एका जरी घराने नावं ठेवली, तर तुम्ही म्हणाल त्या मांडवात उभी राहते. नाही ठेवली, तर मला कॉलेजात घाला."

आई दारातून "अगं गप" म्हणून खुणा करत होती. अप्पांनी चहा संपवला, आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ठरलं," म्हणाले. आमच्या अप्पांचं बोलणं एवढंच असायचं. पण ठरलं म्हणजे ठरलं.

आता आमच्या भावकीत पत्रिका म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. आजोबा होते तोवर कुणाचंही लग्न निघो, पत्रिका वाटायला तेच. सायकल काढायची, हँडलला पिशवी, पिशवीत पत्रिका आणि हळद-कुंकवाची डबी. प्रत्येक दारात पत्रिकेच्या कोपऱ्याला बोट लावायचं आणि म्हणायचं, "चूलबंद आवतण हाय बरं का!" चूलबंद म्हणजे घरची चूल त्या दिवशी पेटवायचीच नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. एकदा तर सायकलसकट पाटात पडले. बाहेर आले, पत्रिका एकेक करून गवतावर वाळत घातल्या, वाळल्यावर उरलेली घरं केली, आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "छातीत दुखतंय जरा." बरगडी मोडलेली! ती जोडली गेली ती वाकडीच. असा ज्या घरचा म्हातारा, त्या घरची पत्रिका लोक उलटीसुलटी करून बघणारच.

मी आईला म्हणाले, मला एक मोठा एक्स-रे लागेल. माझ्याजवळचे तुकडे लहान होते आणि मला तोरण काढायचं होतं, आंब्याच्या पानांचं, पत्रिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आईने कपाटाच्या मागून एक खाकी पाकीट ओढलं, पदराने धूळ पुसली. आतला मोठा एक्स-रे छातीचा होता. "कुणाचा गं हा?" मी विचारलं. आई नामपूरकडची, घाईत असली की तिची अहिराणी बाहेर यायची. "माले काय माहीत! तुझ्या अप्पांचा असेल, औषध फवारल्यावर खोकला नव्हता का झाला? घे, नुस्ता पडेल शे." नुसता पडूनच होता, मी घेतला. बाकीचे लोक फिल्म धुऊन पारदर्शक करतात, मी तशीच काळी ठेवायची. काळ्यातून फक्त आकाराचा उजेड येतो, हात चुकत नाही.

पहिला नमुना झाला. पांढराशुभ्र जाड कागद, वर पांढरंच तोरण, फक्त उठावाचं. मला तर तो इतका सुरेख वाटला की मी स्वतःच त्याला नमस्कार करायची बाकी होते. आत्याने चष्मा लावला. "पांढऱ्यावर पांढरं? अगं, लगीन हाय का दहावं?"

चिडले मी, पण आत्या बरोबर बोलत होती. कोऱ्या पांढऱ्या कागदाने लग्नाचं बोलावणं कोण करतं? मग मोठं खोडरबर आणून झेंडूचं फूल कोरलं. कुंकवाच्या लालमध्ये थोडी हळदीची छटा धरून रंग केला, आणि तोरणाच्या प्रत्येक दोन पानांमध्ये एकेक फूल ठप्प, ठप्प उठवलं. स्लिपरचं रबर घेतलं नाही हं. देवापुढे ठेवायची वस्तू, तिला चपलेचा तुकडा कसा लावायचा? एवढी अक्कल होती मला. ती अक्कल एक्स-रेच्या वेळी कुठे गेली होती कोण जाणे!

दुसरा नमुना आत्याने बराच वेळ धरला. अंगठा पानांवरून फिरवला. "बरं हाय," म्हणाली. माझ्या हिशेबी ते सुवर्णपदक होतं.

छापखान्यातून मजकूर छापून आला आणि मी कामाला बसले. मजकूर आधी, मग ठसे, आणि उठाव सगळ्यात शेवटी, नाहीतर यंत्राखाली सगळं सपाट होऊन बसतं. कपाटाचं काचेचं दार काढून दोन पाट्यांवर आडवं ठेवलं, खाली दिवा. तीनशे पत्रिका. बोटांना घट्टे पडले, मेणबत्तीच्या वासाने जेवण जाईना. ताई मधूनमधून येऊन बसायची. आपल्या लग्नाच्या पत्रिकेला ती नुसती फुंकर घालायची, रंग वाळावा म्हणून. "माझ्यासाठी करतेयस की स्वतःसाठी?" तिने एकदा विचारलं. "दोघींसाठी," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

थोड्याशाच पत्रिका राहिल्या होत्या तेव्हा वीज गेली. लोडशेडिंग, दुसरं काय! मी थांबणारी नव्हते. फिल्म उचलली आणि पूर्वेच्या खिडकीच्या काचेवर चिकटवली, अगदी बाईंनी शिकवलं तशी. सकाळचं ऊन थेट येत होतं. उभ्याने घासायला लागले. कागद संपला म्हणून दुसरा आणायला आत गेले, आणि नेमकी तेव्हाच आत्या आली. मनमाडच्या गाडीतून उतरून, पत्रिका न्यायला.

मी बाहेर आले तर ती खिडकीसमोर उभी. हातातली पिशवी तशीच. उन्हाने फिल्ममधल्या सगळ्या बरगड्या उजळल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध तोरणाचं भोक होतं.

"हे कुठून आणलंस?"

"घरातलंच आहे. अप्पांचं."

"भाऊचं नाय हे." तिने बोट लावलं. डाव्या बाजूची एक बरगडी मध्येच वाकून खाली गेली होती. "डाक्टरनी मला दिव्यावर लावून दावलं व्हतं. ही बघ, म्हनला, जुनी मोडलेली. हा बा हाय. आपला बा हाय ह्यो."

माझ्या हातातला कागद खाली पडला. गेलेल्या माणसाची छाती कापून मी घरच्या पहिल्या लग्नाच्या पत्रिका केल्या होत्या! आणि हे पाहिलं कुणी, तर आत्याने. ती म्हणाली असती की या पत्रिका अशुभ, तर अप्पांनी त्या चुलीत घातल्या असत्या, आणि मी त्या चुलतभावाच्या गळ्यात माळ घातली असती. आई धावत आली, तिने बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "मीच दिला हो वन्सं, पोरीला काय ठाऊक?" आत्या काहीच बोलेना. तिचं गप्प बसणं आम्ही कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. मला शिव्या चालल्या असत्या.

अप्पा बाजारातून आले ते याच वेळी. डोक्याचा रुमाल सोडत दारात थांबले. "काय झालं?"

आत्याने खिडकीकडे हात केला. "बा हाय. पोरीनं ह्यातूनच काढल्यात समद्या पत्रिका."

अप्पा खिडकीशी गेले. मग खाली पडलेला कागद त्यांनी उचलला, फिल्मवर पालथा धरला, आणि माझ्याकडे हात पुढे केला. मला आधी कळेनाच. मग मी रिफिल दिली. शेवंतीची रोपं लावणारी ती जाड बोटं, पण टोक त्यांनी इतकं अलगद धरलं की मी बघतच राहिले. एक पान घासलं, दुसरं घासलं. कागद उलटा करून अंगठा फिरवला. पान वाकडंतिकडं आलं होतं, पण वर आलं होतं.

"आक्का," ते म्हणाले, "बा गेल्यापासून आपल्या भावकीत पत्रिका वाटायला कुणी घरोघर जात नाय. पोस्टात टाकत्यात. मी म्हणत व्हतो, आपल्या पोरीच्या लग्नात तरी कोण जाणार?" आणि त्यांनी फिल्मवर हात ठेवला. "हा चाललाय की!"

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती रडते हेही आम्ही तेव्हाच पाहिलं. पदराने तोंड पुसून ती माझ्यावरच ओरडली, "बघतीस काय उभी? ऱ्हायलेल्या पुऱ्या कर! आन् हळद-कुंकू आण. पहिली देवाला, दुसरी बाच्या फोटोला."

अप्पांनी माळ्यावरची सायकल काढली. आजोबांचीच. हवा भरून आणली, हँडलला पिशवी अडकवली, आणि मखमलाबादपासून पंचवटीपर्यंतची घरं स्वतः केली. लांबच्या गावांना आत्या गेली, सटाणा, नामपूर, मनमाड. एका घरात मीही तिच्याबरोबर होते. यजमानीणबाई पत्रिका वाचायला लागल्या, तर आत्याने त्यांचा हात धरून तोरणावर ठेवला. "वाचायचं मागनं. आधी हात लावून बघा. माझ्या भाचीनं केलंय. चूलबंद आवतण हाय." त्या बाईंनी सुनेला हाक मारली, सुनेने जावेला, आणि सगळ्या दाराशी उभ्या राहून पानं चाचपत राहिल्या. मी मागे उभी होते. खोटं कशाला बोलू, कुणाचा अंगठा किती वेळ फिरतो ते मोजत होते.

नावं कुणी ठेवली नाहीत. लग्नात अक्षता पडल्या आणि पंगतीला माणूस मावेना. नामपूरचे पाहुणे आले तेव्हा आई पत्रिका हातात धरूनच फिरत होती. "हाई मनी पोरनी करेल शे," माझ्या पोरीने केलीय, असं ती ज्याला-त्याला सांगत होती, आणि तिला कुणी गप बस म्हणालं नाही. नवऱ्या मुलाचा तो चुलतभाऊही आला होता. मुलगा बरा होता हो, दिसायलाही ठीक. त्याने पत्रिका छान झाली म्हणून सांगितलं आणि जिलेबी घेऊन निघून गेला. त्याच्याविषयी माझं काही म्हणणं नाही.

मांडव उतरवायच्या दिवशी अप्पा बांबू मोजत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्या कॉलेजात कधी जायचं ते सांग. मी येतो संगं."

ते आले. धुतलेला पांढरा सदरा घालून, फुलबाजारातून थेट. कॉलेजातल्या सरांनी विचारलं, मुलीला चित्रकला येते का? अप्पांनी खिशातून पत्रिका काढून टेबलावर ठेवली. सरांनी ती उचलली, आणि वाचण्याआधी त्यांचा अंगठा तोरणावरून फिरला. अप्पांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. त्या भुवईवर मी पुढची सगळी वर्षं काढली.

दोन हजार सालानंतर मी एका शाळेत चित्रकलेची बाई म्हणून लागले. तोवर लोक मोबाइलवर शुभेच्छा धाडायला लागले होते, आणि कॉलेज रोडवरच्या कार्डांच्या दुकानांत चपला आणि मोबाइलची कव्हरं आली. मला काही फरक पडला नाही. लग्नाच्या पत्रिका माझ्याकडे येतच राहिल्या. आत्याने तिच्या नातवाच्या लग्नाला मनमाडहून निरोप धाडला, "तेच तोरण पाहिजे, दुसरं नको." तेच दिलं. फिल्म आता कडेने थोडी चिरली आहे, मागून चिकटपट्टी लावली आहे, पण पानं अजून धारदार उठतात.

शाळेत उठाव शिकवायचा दिवस आला की मी ती वर्गाच्या खिडकीला लावते. ऊन आलं की बरगड्या उजळतात, ती वाकडी बरगडीही उजळते, आणि पोरं बाकांवरून उठून जवळ येतात. एक तरी पोर विचारतंच, "बाई, हे कोण आहे?"

"माझे आजोबा," मी सांगते. "लग्नाच्या पत्रिका वाटतात."